अलास्कातल्या पोरीला, उजनीवरून

सोनू,

तुझा मेसेज मिळाला, फोटोपण मिळाले. विमान पाण्यावर उतरतं आणि त्यातनंच तुमचं वाणसामान येतं हे आईला तीनदा सांगितलं तरी तिचं एकच, रस्ताच नाही तर पोरीला दुखलंखुपलं तर न्यायचं कुणी. तिला तूच सांग बाई. अस्वलाचा स्प्रे काय असतो ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही, तूपण सांगू नको.

तुम्ही जाळ्यात धरून मारता त्या पाईकचं, म्हणजे दुसरे मासे खाणाऱ्या त्या दातेरी माशाचं, पोट फाडलेला फोटो मी दहा वेळा झूम करून बघितला. आत बोटाएवढी किंग सॅमनची, तुमच्याकडच्या त्या मोठ्या माशाची पिल्लं, अंगावरचे काळे उभे पट्टे अजून जसेच्या तसे. ही पिल्लं समुद्रात जायच्या आधी वर्षभर नदीतच असतात म्हणालीस, म्हणजे वर्षभर ह्याच्या तोंडासमोरच की. आणि तुमच्या अलेक्झांडर क्रीकचं, म्हणजे त्या ओढ्याचं पाणी संथ, गवताळ, ठिकठिकाणी फाटे फुटलेलं, पाईकला अजून काय पाहिजे!

तू लिहिलंस, आज जाळ्यातनं चाळीस काढले, सगळे मारले, झोप नाही लागली, आप्पा पाप लागतं का. उत्तर द्यायला मला चार दिवस लागले कारण उगाच तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहायचं नव्हतं.

तूच सांगितलंस की पाईक अलास्काचाच, पण त्या मोठ्या डोंगररांगेच्या पलीकडचा, उत्तर-पश्चिमेचा. अलीकडं सुसिटना नदीच्या खोऱ्यात तो माणसानं आणून सोडला, तेपण बेकायदेशीर. त्यानं पिल्लं खाऊन किंग कमी झाला, मग 2008 ला तुमच्या ओढ्यावर किंग धरायलाच बंदी आली आणि 2011 पासून दर मे महिन्यात पाईक काढायला ही जाळी लागतात. ते मे महिन्याचं गणित मला लय आवडलं, बर्फ गेला की पाईक अंडी घालायला उथळ फाट्यात गोळा होतो आणि किंग अजून समुद्रातनं वर आलेला नसतो, म्हणजे जाळ्यात नको तो मासा कमी. हे ज्यानं बसवलं त्याला पाणी कळतं. तिकडं अलास्कातल्याच केनायच्या स्टॉर्मी लेकमध्ये, म्हणजे तळ्यात, 2012 ला रोटेनोन टाकून पाईक मारला म्हणालीस, मुळापासनं काढलेलं औषध, तेव्हा मला आपल्याकडचे आदिवासी गेळफळ टाकून मासे धरतात ते आठवलं. पण तुमचा ओढा एवढा लांबलचक, तिथं जाळंच बरं.

आता आपलं सांगतो. आपल्या उजनीतली चिलापी, म्हणजे तिलापिया, तीपण बाहेरचीच. माझ्या लहानपणी भीमेत वाम, शिंगटा, मरळ मिळायची तेवढी आता बघायला मिळत नाही, आणि त्यात एकट्या चिलापीचा दोष नाही, धरण, घाण पाणी सगळंच आहे. पण तुझ्या कॉलेजची फी कुणी भरली, चिलापीनंच ना. भिगवणच्या बाजारात तिला कधी कुणी नको म्हणालेलं मी ऐकलं नाही. म्हणून बाहेरचा मासा वाईट असं मला तोंड वर करून म्हणता येत नाही. जाळ्यातनं काढताना कधी कधी तिच्या तोंडातनं बारीक पिल्लं होडीत सांडतात, ती तोंडातच सांभाळते ना, तेव्हा मलापण कसंतरी होतं. चाळीस वर्षं झाली तरी होतं. तुला झोप नाही लागली ते बरंच आहे, पण जाळं काढायचं थांबवू नको. आणि मारायचा तर एका फटक्यात मार, तडफडत ठेवायचा नाही.

पाईकच्या दातांना जप, नुसत्या हातानं जाळं सोडवायचं नाही. इकडं सकर माशानं, त्या काटेरी खरखरीत अंगाच्या बाहेरच्या माशानं, परत जाळं फाडलं, त्याला ना कुणी घेत ना कुणी खात, काल दुपारभर शिवत बसलो होतो. तुमच्या जाळ्याचा डोळा केवढा असतो ते बोट शेजारी ठेवून फोटो काढून पाठव.

विमान आलं आणि रेंज मिळाली की फोन कर. इकडं रात्रीचे दोन वाजले असले तरी कर, मी तसापण तीनला उठतोच.

आप्पा