संत्री, काटा आणि एफ-टेस्ट

नागपूर, डिसेंबर

प्रिय शिऱ्या,

पत्र मिळालं. दोन्ही मशीनच्या मसाला पाकिटांची सरासरी ५० ग्रॅमच येते, मग महागडी कशाला घ्यायची, असं विचारतोस. काहून बे, गिऱ्हाईक काय सरासरी विकत घेतं? त्याच्या हातात एकच पाकीट पडतं, आणि ते ४४ चं निघालं तर बोंब तुझ्याच नावाने!

रविवारी गोकुळपेठ बाजारात दोन ठेल्यांवरून अंबिया बहाराची संत्री घेतली. घरी येऊन पाच-पाच तोलली. पहिल्याची १४१, १४७, १४९, १५४, १५९ ग्रॅम. दुसऱ्याची १२८, १४१, १४७, १६३, १७१. सरासरी दोन्हीकडे १५०. ही नुसती बघूनच म्हणाली, "दुसऱ्याने लहानमोठी मिसळली आहेत."

मी मात्र कागद घेतला. सरासरीपासूनची अंतरं, त्यांचे वर्ग, बेरीज भागिले चार. (पाच नाही; सरासरी त्याच पाचांतून काढलेली, म्हणून एक कमी.) व्हेरिअन्स, म्हणजे वजनं किती विखुरली त्याचं माप, आला ४७ आणि २९६, गुणोत्तर ६.३. सहापट! हे गुणोत्तर तपासते ती एफ-टेस्ट. ऐटीत तिचा तक्ता उघडला, तर पाच टक्क्यांना (निव्वळ योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाईल अशी मर्यादा) ६.३९. थोडक्यात हुकलं. त्यातही माझी लबाडी होती: भागाकारात कोणता ठेला वर ठेवायचा हे मी आकडे बघून ठरवलं. तसं केलं की अडीच टक्क्यांचा तक्ता बघावा लागतो, आणि तिथे ९.६०. पाच-पाच संत्र्यांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. दहा-दहा तोलली असती तर ४.०३ ओलांडलं तरी पुरलं असतं. हे ऐकून ही म्हणाली, "मग आधीच डझनभर आणायची होती."

तेव्हा पाच पाकिटांवर मशीन ठरवू नकोस. दोन्हीची तीस-तीस तरी तोल, आणि महागडीचं वजन कमी हलतं का हेच तपासायचंय, हे तोलायच्या आधी लिहून ठेव. एखादं अर्धवट भरलेलं पाकीट मध्येच आलं तर एफ-टेस्ट पार बहकते, कारण वर्ग केला की ते एकटंच सगळ्यांवर भारी पडतं. अशा वेळी लेव्हीनच्या १९६० च्या पद्धतीचं ब्राऊन आणि फोर्सिथ यांनी १९७४ मध्ये सुधारलेलं रूप बरं: वर्गांऐवजी नुसती अंतरं घ्यायची, तीही मध्यकापासून (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या वजनापासून), आणि त्यांच्या सरासऱ्यांची तुलना करायची. एक किलोच्या पाकिटांशी ताडायचं असेल तर प्रमाण विचलनाला (व्हेरिअन्सच्या वर्गमुळाला) सरासरीने भाग, नाहीतर मोठं पाकीट उगाच बदनाम होईल.

वजनं पाठव, हिशोब मी करतो. संत्री संपली. आता मृगाच्या बहाराला ये, फेब्रुवारीत.

तुझा,
अव्या