म्यूर साहेब, शेकोटी पेटवू द्या पण घराला खेटून नको

मा. पर्यावरण मंत्री अँड्र्यू म्यूर साहेब, उत्तर आयर्लंड,

नमस्कार. बेलफास्टमध्ये राहणारा मराठी माणूस आहे मी. पत्र मराठीत लिहितोय कारण चिडलो की इंग्रजी सुचत नाही, कोणीतरी सांगेलच तुम्हाला वाचून.

आधीच सांगतो, होळी बघत मोठा झालोय, आगीचं वावडं नाही. 11 जुलैच्या रात्री पेटणाऱ्या मोठमोठ्या शेकोट्या, 1690 ची बॉइनची लढाई, ती जिंकलेला प्रोटेस्टंट राजा विल्यम, लॉयलिस्ट (ब्रिटनशी निष्ठा ठेवणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांच्या) वस्त्यांमध्ये याचं किती महत्त्व आहे ते दिसतं, आणि आठवडेच्या आठवडे शेकोटीसाठी लाकडी पॅलेट रचणाऱ्या पोरांचं खरं तर कौतुकच वाटतं (आमच्याकडची पोरं लाकडं चोरायची, असो). पण एवढा मोठा ढिगारा लोकांच्या दाराशी कशाला?

2016 ला बेलफास्टच्याच शँकिल रोडजवळ ठिणग्या उडून घरं जळाली. 2017 ला इथल्याच सँडी रो भागात फ्लॅटच्या काचा नुसत्या धगीने तडकल्या. दरवर्षी कुठे ना कुठे खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि फायर ब्रिगेडवाले रात्रभर शेजारच्या भिंतींवर पाणी मारत बसतात. शेजाऱ्याच्या खिडकीला फळी ठोकावी लागतेय म्हणजे जागाच चुकलीय ना, यात राजकारण कुठून आलं?

2025 ची बेलफास्टमधल्या मेरिडी स्ट्रीटची शेकोटी तर कहरच. जागेवर अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासात गेले तर घातक), बाजूला सबस्टेशन ज्यावरून दोन हॉस्पिटलना वीज जाते, कौन्सिलने काढायचा ठराव केला, पोलीस म्हणाले काढायला गेलो तर जास्त धोका, आम्ही येणार नाही, आणि 11 ला रात्री पेटवलीच. 2021 ला बेलफास्टच्याच टायगर्स बे वस्तीतल्या शेकोटीच्या वेळी पोलिसांनी ती काढायला मदत करावी म्हणून दोन मंत्री कोर्टात गेले होते, तरी पोलीस जागचे हलले नाहीत. जागा एकाची, कचरा दुसऱ्याच्या खात्यात, बंदोबस्त तिसऱ्याचा, आणि धूर मात्र आमचा.

जुलैत ढिगारा हलवायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, तेव्हा पोलीस नाहीच म्हणणार, त्यांच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो असतो. पहिलं पॅलेट पडतं तेव्हाच जागामालकाला पकडा. कुठली जागा चालेल ते वस्तीतल्या लोकांसोबत बसून हिवाळ्यातच ठरवा, आणि जितकी उंची त्या हिशोबाने घरापासून अंतर, हे कायद्यात लिहा, नुसत्या सल्ल्यात नको.

उत्तर मार्चच्या आत द्या साहेब. जुलैत आम्ही खिडक्या बंद करून बसलेलो असतो.

आपला,
एक भाडेकरू