कंडक्टर काकांना, शाळा स्टॉपवरून

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहिती आहे, खिशावरच्या पट्टीवर असायचं, पण इथे लिहीत नाही. एक तर तुम्हाला ते आवडायचं नाही आणि दुसरं म्हणजे मी तुम्हाला कधी नावाने हाक मारलीच नाही. गेल्या सोमवारी सकाळच्या गाडीत तुमच्या जागी एक नवीनच मुलगा मशीन गळ्यात अडकवून उभा होता, विचारलं तर म्हणाला त्यांची बदली झाली, गावाकडे गेले, खुशीत होते. खुशीत असणारच हो, किती वर्षं अर्ज करत होतात. पण माझा एफवायचा रिझल्ट नुकताच लागला होता, समाजशास्त्रात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला आहेत आणि हे ज्याला पहिलं सांगायचं ठरवलं होतं तो माणूस घाट चढून निघून गेला. म्हणून हे पत्र. तुमच्यापर्यंत पोचेल का माहीत नाही, कोणीतरी फॉरवर्ड करेलच.

आधी एक कबुली देते. तुम्ही आमच्या रूटवर आलात तेव्हा आम्ही मुली मागच्या सीटवर बसून तुम्हाला घाटी म्हणायचो. तुमचं ते 'पुढं सरका', 'मागं बघा', 'व्हय व्हय' ऐकून हसायचो, मी तर नक्कल पण करायचे आणि चांगली करायचे. तुम्ही ऐकलं असणार, गाडीत काय लपतं.

आता माझ्या स्टॉपचं. आमच्या वाडीला सगळे ज्या नावाने ओळखतात ते नाव मी टाइप करणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. जातीवरून पडलेली वाड्या-वस्त्यांची नावं बदलायची असा निर्णय सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला, पण लोकांच्या तोंडाला जीआर लागू होत नाही ना. गाडी उतार उतरायला लागली की कोणीतरी ते नाव मोठ्याने घ्यायचं, अमक्या वाडीचे कोण हत, उठा, आणि मग आख्खी गाडी मान वळवून बघायची की कोण उठतंय. कोणी वाईट बोलायचं नाही हं, नुसतं बघायचे. तेवढंच पुरे व्हायचं. म्हणून मी अकरावीपासून एक स्टॉप पुढे तिठ्यावर उतरायचे आणि पंधरा मिनिटं मागे चालत यायचे. पावसात पण. आईला सांगितलं होतं की गाडी आमच्या इथे थांबत नाही. आई बिचारी त्या गाडीला शिव्या द्यायची.

आणि तिकडे कॉलेजात मी समाजशास्त्र शिकत होते! सरांचं नाव आणि कॉलेजचं नाव राहू दे. नोट्स म्हणजे आधीच्या कुठल्यातरी बॅचच्या वहीची झेरॉक्स, त्याची झेरॉक्स, आणि त्यावरून डिक्टेशन. समाजशास्त्राचे जनक ऑगस्ट कॉम्त, पूर्णविराम. दर्जा दोन प्रकारचा, अर्पित म्हणजे जन्माने मिळालेला आणि अर्जित म्हणजे कमावलेला, पूर्णविराम. सामाजिक स्तरीकरण, म्हणजे समाजातली वर-खाली उतरंड, आलं तेव्हा मी धीर करून विचारलं, सर, वाडीच्या नावावरून जात कळते तर त्याला काय म्हणायचं? सर म्हणाले ते सिलॅबसमध्ये नाही, आता कोण मानतं जातबीत, पुढचा मुद्दा घ्या. मागून कोणीतरी हसलं. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. नातेवाईक होतेच, आर्ट्स घेवन काय कलेक्टर होतलंस, हे ठरलेलं.

तुम्हाला आठवत असेल, जुलै होता, खिडक्यांच्या काचा बंद, गाडीत ओल्या छत्र्यांचा आणि सुक्या मासळीचा वास, मी प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक धरून वाचत होते. तुम्ही पास बघितलात, पुस्तक बघितलंत आणि म्हणालात, "समाजशास्त्र? मलापण होतं. मुक्त विद्यापीठातनं केलं बीए, नोकरी करत." मला वाटलं आता उपदेश येणार. तर तुम्ही विचारलंत, "तुझं घर मागं राहतंय ना, मग रोज पुढं का उतरतीस?"

मी काही बोलले नाही. तुम्ही पण थोडा वेळ गप्प राहिलात, मशीनमध्ये पेपर रोल अडकला होता तो सोडवत बसलात. मग माझ्याकडे न बघताच म्हणालात, "तुम्ही घरात काय म्हणता त्या स्टॉपला?"

काका, मला एकोणीस वर्षं होती तेव्हा, आणि हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारला होता. आम्ही काय म्हणतो. मी म्हटलं, शाळेकडे म्हणतो, तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे ना. बरं, म्हणालात आणि पुढे गेलात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतार आला आणि त्या नेहमीच्या आवाजांच्या आधीच तुम्ही ओरडलात, "शाळा स्टॉप! शाळा स्टॉपवाले चला." कोणाला कळेचना. बाजाराची टोपली घेतलेल्या आजी होत्या पुढे, त्या म्हणाल्या, "खयचो शाळा स्टॉप? असो स्टॉप नाय हय. ह्या घाट्याक काय म्हायत!" तुम्ही म्हणालात, "शाळा दिसत नाही व्हय आजी? समोर तर आहे." आणि एक बेल दिलीत. गाडी थांबली. मी उठले. आणि तुम्ही त्या वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघत होतात. तिकडे बघण्यासारखं काही नाही काका, तिकडे दरड आहे. मी उतरून रस्ता ओलांडेपर्यंत तुम्ही दरडीकडेच बघत होतात आणि मग डबल बेल. मार्क, रिझल्ट सगळं राहू दे बाजूला, मला त्या दरडीबद्दल थँक्यू म्हणायचंय. तुम्ही माझ्याकडे बघून हसला असतात ना, आता कसं, बरं वाटलं ना, असं, तर मी दुसऱ्या दिवसापासून परत तिठ्यावर उतरले असते.

घरी आई म्हणाली आज लवकर? मी म्हटलं गाडी थांबायला लागली.

त्यानंतर मग आपला क्लासच सुरू झाला. तुम्ही तिकिटं संपवून पुढे माझ्या बाजूच्या दांड्याला टेकायचात, आज काय? मी म्हटलं लोकरूढी, समनेर नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये मांडलं. तुम्ही म्हणालात तो रुमाल बघ. डेपोत गाडी लागल्यावर लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, छत्री टाकतात, एकदा एकाने चप्पल टाकली होती, आणि नंतर चढलेला माणूस, भले सहा फुटी असो, त्या रुमालावर बसत नाही. कायदा आहे का? नाही. पोलीस आहे का? नाही. बसून दाखव, मग बघ गाडी कशी अंगावर येते. काका, मी हे उदाहरण पेपरात लिहिलं. तपासणाऱ्याने बाजूला बरोबरची खूण केली असेल अशी मी कल्पना करते.

मर्टन नावाचा समाजशास्त्रज्ञ पण गाडीतच झाला. एखाद्या गोष्टीचं प्रकट म्हणजे उघड, ठरवलेलं कार्य वेगळं आणि सुप्त म्हणजे न ठरवता होणारं कार्य वेगळं, हे त्याने १९४९ मध्ये लिहिलं आणि मला ते डिक्टेशनमध्ये शून्य कळलं होतं. तुम्ही बोनेटकडे बोट दाखवलंत. तिथे पेपरचे गठ्ठे, ग्रामीण रुग्णालयात कोणाच्या तरी सुनेला जाणारा डबा, एक कोंबडा. लोकांना पोचवायचं हे प्रकट, आणि हे सगळं सुप्त. "आणि शिव्या खायच्या हे माझं सुप्त काम," असं म्हणालात आणि ड्रायव्हर काका एवढे हसले की मला गाडीची काळजी वाटली. बायकांना अर्धं तिकीट झालं मार्च २०२३ पासून, त्याच्यावर पुरुषांचे टोमणे चालायचे, बायका उगाच फिरायला लागल्यात म्हणून, तेव्हा तुम्ही हळूच माझ्याकडे बघून 'सुप्त' एवढंच म्हणायचात. कारण खरंच, आमच्या वाडीतल्या काकी आयुष्यात पहिल्यांदा एकट्या जाऊन डोळे तपासून आल्या, नवऱ्याला न विचारता.

भूमिका संघर्ष, म्हणजे एकाच माणसाच्या दोन जबाबदाऱ्या एकमेकींशी भांडतात तो, मात्र तुम्ही शिकवला नाहीत, मी चोरून बघितला. ते आजोबा, पंचाहत्तरच्या वरच्यांना तिकीट नाही पण कार्ड घरी राहिलेलं, चेकिंगवाले पुढच्या स्टॉपला असतात हे तुम्हाला माहीत. नियम सोडता येईना आणि आजोबांच्या पिशवीत सुटे दहा रुपये पण नव्हते. तुम्ही मागे वळून स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत टाकलेत, तिकीट काढून आजोबांच्या वरच्या खिशात सारलंत आणि वर म्हणालात, चालतंय आजोबा, तुम्हाला फ्री आहे. त्यांना अजून वाटत असेल फ्रीच होतं. अशी माणसं सगळीकडे असतात म्हणतात, मला तरी रोज भेटत नाहीत, एखादी भेटली की मी बराच वेळ बघत बसते.

आणि घुर्ये! आमच्या झेरॉक्समध्ये ते एका ओळीत होते, रिकाम्या जागा भरा, भारतीय समाजशास्त्राचे जनक टिंबटिंब. वर्गात कोणी सांगितलं नाही की गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, १८९३ चा जन्म, पुढे केंब्रिजला गेले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला, श्रीनिवास आणि इरावती कर्वे हे पुढचे मोठे अभ्यासक त्यांच्याच हाताखालचे. हे मला कोणी सांगितलं, तर सांगलीकडच्या कंडक्टरने, गाडीच्या पाटीवरच्या 'मालवण' शब्दाकडे बोट दाखवून. इकडे पोस्टिंग झालं तेव्हा तुम्ही बायकोला म्हणालात घुर्येंच्या गावाला निघालोय, आणि त्या म्हणाल्या, ते कोण, डेपो मॅनेजर का?

त्या दिवशी मात्र मी पण तुम्हाला एक सांगितलं होतं. की बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे तेही आमच्या कोकणातलेच, आणि १९१६ मध्ये पंचविसाव्या वर्षी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जातीवर त्यांनी निबंध वाचला होता. घुर्येंचं जातीवरचं पुस्तक १९३२ चं. हे मला आजोबांकडून माहीत होतं, झेरॉक्समधून नाही. तुम्ही बॅगेतून रोलचा कोरा तुकडा फाडलात आणि त्यावर लिहून घेतलंत, १९१६, कोलंबिया. मला कोणी कधी शिकवताना बघितलेलं नाही आणि माझं बोलणं लिहून घेणारा तर कोणीच नाही. सरांना मी हेच सांगायला गेले असते तर सिलॅबसमध्ये नाही म्हणाले असते. जाऊ दे, सरांवर किती बोलायचं, त्यांनाही कोणीतरी झेरॉक्सच दिली असेल. (नाही, हे मी चांगलं वाटावं म्हणून लिहिलं. मला अजून राग आहे.)

परीक्षेच्या आधी एक गोष्ट विचारायची होती आणि राहिली. पुस्तकात अंतर्गट आणि बहिर्गट असं आहे, आम्ही आणि ते. तुम्ही गाडीतल्या सगळ्यांसाठी 'ते' होतात, घाटी. मी माझ्याच गावात 'ते' होते. म्हणून तुम्हाला माझा स्टॉप कळला का? की तुम्ही मागच्या सीटवरून येणारा तो शब्द ऐकून, माझाच आवाज ओळखून, तरीसुद्धा विचारलंत? हे दुसरं असेल तर मला झोप लागणार नाही. नक्कल केल्याबद्दल सॉरी, काका. खरंच सॉरी. हे समोर म्हणायचं होतं, त्यासाठी रिझल्टचे पेढे घेऊन सोमवारी गाडीत चढले होते. पेढे त्या नवीन मुलाने खाल्ले, त्याला कारण पण माहीत नाही.

तो बरा आहे तसा, लाजरा आहे, स्टॉप अजून पाठ नाहीत त्याचे. काल संध्याकाळी उतार आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं आता कोण ओरडणार आणि काय ओरडणार. तेवढ्यात पुढच्या सीटवरून त्याच बाजाराच्या टोपलीवाल्या आजी म्हणाल्या, "झिला, शाळा स्टॉपार जरा गाडी थांबय, चेडू उतारतला."

तो म्हणाला, शाळा स्टॉप कुठला आजी, यादीत दिसत नाही.

"अरे, शाळेकडचो! तुका कोणी सांगूक नाय?"

आणि बेल वाजली.