सड्यावरच्या पायवाटाही नकाशावर याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीतला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचा लेख वाचला. जांभळ्या फुलांचे पठार आणि त्याच्या कडेला समुद्र, फोटो झकास होता. पण ‘निसर्गाने जशीच्या तशी राखलेली भूमी’ हे वाक्य काही पटले नाही. शिवाय तिथली खरी बघण्यासारखी गोष्ट, म्हणजे कायद्याने राखलेल्या सार्वजनिक पायवाटा, लेखातून सुटली आहे. मी भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालो. लेक मिडल्सबरोला असते, त्यामुळे अधूनमधून तिकडे मुक्काम पडतो. ती आणि जावई कामावर गेले की मी बस पकडतो आणि चालतो. नोकरीने पायांना लावलेली सवय आहे, घरात बसवत नाही.

लेखातले ते पठार म्हणजे नॉर्थ यॉर्क मूर्स (मूर म्हणजे झुडपांचा उघडा माळ). हे १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण त्यातली बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी तिथली झाडे तोडली, माती निकस झाली, मग जांभळ्या फुलांच्या हेदरची गुडघाभर झुडपे माजली. ती टिकली मेंढ्यांमुळे आणि शिकारीमुळे. ग्राउस नावाचा तितरासारखा पक्षी या झुडपांचे कोवळे शेंडे खातो. म्हणून इस्टेटीचे राखणदार पाळीपाळीने पट्टे जाळतात आणि नवी फूट आणतात. ग्राउसच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि फुलांचा बहरही त्याच महिन्यात असतो. थोडक्यात, तो जांभळा रंग बंदुकीच्या हौसेने राखलेला आहे.

व्हिटबी–स्कार्बरो रस्त्यावर एक्स-९३ बसमधून पठारावर उतरले की पूर्वेला रेव्हन्सकारकडे वाट जाते. ‘लाइक वेक वॉक’चा हा शेवटचा टप्पा. ऑस्मदर्लीपासून रेव्हन्सकारपर्यंतचे ४० मैल २४ तासांत आडवे कापायचे, ही टूम बिल कौली नावाच्या तिथल्याच एका शेतकऱ्याने १९५५ साली काढली. मी आपला शेपटाकडचा तुकडा चाललो. माती काळी आणि पाणी धरणारी. दिसायला कोरडी दिसते, पाय टाकला की घोटा आत. हेदरच्या फांद्या तारेसारख्या चिवट, पँटला ओरखडे काढतात. पायाजवळून ग्राउस फडफडत उठतो आणि ‘गो बॅक, गो बॅक’ असे काहीसे ओरडत जातो. मोजणीला गेल्यावर हे वाक्य मी माणसांकडूनही पुष्कळ ऐकले आहे.

पठार संपते ते एकदम. पुढे सहाशे फूट खाली समुद्र. कड्याच्या अंगावर तुरटीच्या जुन्या कारखान्याचे अवशेष आहेत. तिथला शेल दगड महिनोन् महिने जाळत ठेवायचे आणि तुरटी काढायला माणसांचे मूत्र पिंपे भरभरून जहाजाने आणायचे. वर रेव्हन्सकार गावात तर माझा धंद्याचा जीव रमला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका कंपनीने इथे समुद्रदर्शनी प्लॉट पाडले, रस्ते आखले, गटारे बांधली. गिऱ्हाइके आली, वारा आणि खालचा दगडगोट्यांचा किनारा बघून परत गेली. १९१३ मध्ये कंपनी बुडाली. आखलेले रस्ते अजून आहेत, घरे मोजकीच. आमच्या राजापूर–देवगड पट्ट्यात आज ‘सी व्ह्यू’च्या पाट्या लावणाऱ्यांना एकदा तिथे नेऊन आणायला हवे.

आता मूळ मुद्दा. रेव्हन्सकारहून रॉबिन हूड्स बेकडे जाणारी कड्यावरची वाट ही १९६९ साली खुल्या झालेल्या १७५ किलोमीटरच्या ‘क्लीव्हलँड वे’चा भाग आहे. खांबाखांबावर ओकच्या फळाची खूण. एका ठिकाणी कड्याचा लचका तुटून खाली गेलेला होता. जुन्या कुंपणाचे दोन खांब तारेला धरून हवेत लोंबत होते. वाट मात्र तुटलेली नव्हती. दहा-बारा पावले आत, शेताच्या कडेने नवे कुंपण घातलेले, त्याला लागून नवी वाट. खुणेचा खांब नवा, बुडाची माती अजून ओली. पलीकडे उभे पीक होते, म्हणजे मालकाची जमीन तेवढी आत सरकली होती.

हे कुणाच्या चांगुलपणावर झालेले नाही. २००९ च्या तिथल्या सागरी कायद्यात तशी सोय आहे: ज्या भागाला ती लागू केली आहे तिथे कडा ढासळला तर वाट आत सरकते, दरवेळी नव्याने मंजुरी लागत नाही. त्यामागे १९४९ चा कायदा, ज्याने सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. शेतातून आडवी जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली, तर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. लोक २० वर्षे उघडपणे, कुणाला न विचारता ये-जा करत असतील आणि मालकाने हरकत नोंदवली नसेल, तर ती वाट सार्वजनिक धरली जाते. आणि २००० सालच्या कायद्यामुळे नोंदलेल्या मूरवर वाट सोडूनही पायी फिरता येते. कायद्याने मालकाचेही ऐकले आहे: वर्षातले २८ दिवस तो बंदी घालू शकतो, पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुत्रा आखूड दोरीने बांधलेलाच हवा.

आपल्याकडे समुद्राच्या डोक्यावरचे उघडे पठार म्हणजे सडा. पावसाळ्यात कातळावर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, ती बघायला कुणी इंग्लंडला जायची गरज नाही. कशेळी, बारसू, देवीहसोळ इथली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. (फायलिंगडेल्स मूरवर २००३ साली वणवा लागला तेव्हा झुडपांखालून तिथलेही कोरीव दगड उघडे पडले होते. आमचे बारमाही उघडेच आहेत.) आणि सातबाऱ्यावर या सड्याची नोंद काय? बहुतेक ठिकाणी पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. थोडक्यात, कागदोपत्री तिथे काहीच नाही, वाट तर नाहीच.

आमच्या बाजूच्या एका गावात वाडीतून सड्यावरून खाली बंदरावर उतरणारी घाटी होती. मासळीच्या पाट्या घेऊन बायका त्याच वाटेने वर येत. एका बागायतदाराने कातळ फोडून कलमे लावली, चिऱ्यांचा गडगा घातला, लोखंडी गेटला कुलूप लावले. आता बायका डांबरी रस्त्याने वळसा घेतात. तक्रार कुठे करणार? १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांत दावा लावता येतो, जमीन महसूल कायद्याचे कलम १४३ आहे, पण दोन्हीकडे शेताला जायला रस्ता हवा असणारा शेतकरी लागतो. १८८२ च्या इझमेंट कायद्यात २० वर्षांची वहिवाट आहे, तीही कुणाच्या तरी जमिनीला चिकटलेली. जिची त्या गटात गुंठाभर जमीन नाही आणि जी नुसती चालत होती, तिने कशाच्या आधारावर भांडायचे?

जुन्या गावनकाशांवर काही पायवाटा तुटक रेषेने दाखवलेल्या आहेत, ते नकाशे मी स्वतः हाताळले आहेत. सड्यावरच्या बऱ्याचशा त्यातही नाहीत, कारण मोजणी झाली तेव्हा तिथे वाट अडवायला कुणी जाईल असे कुणाच्या डोक्यातही नव्हते. आता खात्याकडे रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणी करणारी यंत्रे आहेत. ग्रामसभेने ठराव करावा, वयस्क माणसांना बरोबर घेऊन वाट चालून दाखवावी, खात्याने ती मोजावी आणि हरकती ऐकून गावनकाशावर घ्यावी. त्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ सदरात तशी नोंद व्हावी. जिथे ही नोंद कायद्याच्या चौकटीत बसत नसेल तिथे चौकट वाढवावी, इंग्लंडनेही वाढवतच नेली.

बागायतदार म्हणतील, आंबे चोरीला जातात. भीती खोटी नाही. मग मार्च ते मे बागेच्या बाजूची वाट बंद ठेवण्याची मुभा त्यांना द्या, गडग्याला माणूस जाईल आणि गुरे जाणार नाहीत अशी खिंड ठेवा. सुरुवात कातळशिल्पांकडे जाणाऱ्या आणि सड्यावरून बंदरावर उतरणाऱ्या वाटांपासून करावी. तिथले गट हल्ली भराभर विकले जात आहेत आणि खरेदीखतात वाटेचा उल्लेख नसतो.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार, राजापूर
(सध्या मुक्काम मिडल्सबरो, इंग्लंड)