फोटो फोल्डरमधेच बरे

संपादक साहेब, नमस्कार. कंप्युटरवरचे फोटो कसे लावून ठेवायचे यावरून आमच्या घरी रोज वाद, मुलगी म्हणते बाबा सॉफ्टवेअर टाका, चेहरा ओळखून आजीचे सगळे फोटो एका क्लिकवर येतात, आणि येतातही, फोल्डरमधे ते जमत नाही हे कबूल. पण गूगलचं पिकासा हे असंच फोटोंचं सॉफ्टवेअर २०१६ ला बंदच झालं ना! मी आपलं '२०१९-०९ गणपती' असं वर्ष आधी टाकून फोल्डर करतो, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात, कुठल्याही कंप्युटरवर दिसतात. सॉफ्टवेअर वापरायचंच तर टॅग (फोटोला जोडलेली नावं) फोटोच्या फाईलमधेच सेव्ह होतील असं सेटिंग करा, म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ते राहतील; डिजीकॅम नावाच्या सॉफ्टवेअरमधे आहे ते. व्हॉट्सअपवरून आलेल्या फोटोंत मात्र काढल्याची तारीखच उडालेली असते, ते वेगळे ठेवा (आमच्याकडे त्यात निम्मे गुड मॉर्निंगच).

- एक वाचक, सातारा