क्यू कोणाच्या नावावर?

मुंबई,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लॅबव्ह्यूत (मापन यंत्रणांसाठीच्या, चित्ररूपाने प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात) मुख्य व्हीआयने, म्हणजे मुख्य प्रोग्रामने, चालू असतानाच सुरू केलेल्या अनेक व्हीआयमध्ये एकच क्यू, म्हणजे माहितीची रांग, कसा वाटून द्यावा, असे तू विचारले आहेस. याच प्रश्नापायी गेल्या पावसाळ्यात माझे तीन आठवडे गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मरोळच्या एका गाळ्यात आम्ही पंप तपासण्याचे चार कट्टे उभारले होते. ऑपरेटरने बटण दाबले की मुख्य व्हीआय त्या कट्ट्यासाठी तपासणीच्या व्हीआयचा एक क्लोन, म्हणजे स्वतंत्र प्रत, सुरू करी. चारही क्लोन दाबाची मापे एकाच क्यूत टाकीत आणि नोंदी ठेवणारा व्हीआय ती काढून फाइलमध्ये लिहीत असे. जो क्लोन पहिला सुरू होईल त्यानेच क्यू निर्माण करायचा आणि त्याचा रेफनम (क्यूपर्यंत पोहोचण्याची खूण) ग्लोबलमध्ये, म्हणजे सगळ्या व्हीआयना दिसणाऱ्या सामाईक जागेत, ठेवायचा, अशी माझी रचना होती. माझ्या टेबलावर एकच कट्टा जोडलेला होता आणि तपासणी व फाइल बरोबरच संपत, त्यामुळे दोष दिसलाच नाही. गाळ्यात मात्र पहिल्या कट्ट्याचे काम संपले की बाकी तिघांच्या नोंदी तिथेच तुटत. डीक्यूवर (क्यूतून माप काढण्यावर) वाट पाहत थांबलेल्या व्हीआयला त्रुटी ११२२ (वाट पाहतानाच रेफनम अवैध झाला) येई, आणि नंतर एनक्यू करणाऱ्या (क्यूत माप टाकणाऱ्या) क्लोनांना त्रुटी १ (इनपुट अवैध). मी केबल बदलल्या, डॅक कार्ड (मापे संगणकात घेणारे कार्ड) बदलले. दुखणे तिथे नव्हतेच.

लॅबव्ह्यूमध्ये क्यूचा रेफनम ज्या मूळ व्हीआयच्या (दुसऱ्या कोणाच्या आतून नव्हे, स्वतंत्रपणे चालणाऱ्या व्हीआयच्या) चालण्यात मिळवला जातो, तो व्हीआय थांबला की तो रेफनम आपोआप सोडला जातो. आणि स्टार्ट असिंक्रोनस कॉलने 'सुरू करा आणि विसरा' पद्धतीने, म्हणजे तो संपण्याची वाट न पाहता, सोडलेला प्रत्येक क्लोन स्वतःच मूळ व्हीआय असतो. चाळीतली खोली ज्याच्या नावावर, तो सोडून गेला की त्याच्या भरवशावर राहणाऱ्यांनी कुठे जायचे, तशीच ही गत. क्यूचा शेवटचा रेफनम गेला की आत उरलेली मापेही जातात, आणि मला सर्वांत जास्त लागले ते हेच, कारण ती मापे परत घेता येत नव्हती.

म्हणून क्यू मुख्य व्हीआयनेच निर्माण करावा आणि क्लोन सुरू करतानाच त्याचा रेफनम कनेक्टर पेनमधून (व्हीआयच्या इनपुट-आउटपुटच्या जोडणीतून) हाती द्यावा. स्टार्ट असिंक्रोनस कॉल २०११ च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधी रन व्हीआय आणि कंट्रोलच्या नावाने किंमत भरणे हाच मार्ग होता आणि नावातले एक अक्षर चुकले तरी सगळे अडे. ओपन व्हीआय रेफरन्सला षोडशमान ८० आणि ४० हे दोन्ही पर्याय एकत्र दे, म्हणजे रीएंट्रंट (एकाच वेळी अनेकदा चालू शकणाऱ्या) व्हीआयचे अनेक क्लोन एकाच वेळी चालतील.

नावाचा क्यू वापरून प्रत्येक क्लोनने स्वतः ऑब्टेन करणेही (त्या नावाच्या क्यूचा रेफनम मिळवणेही) चालते: प्रत्येकाला स्वतंत्र रेफनम मिळतो आणि शेवटचा सुटेपर्यंत क्यू जिवंत राहतो. पण नाव चुकले तर लॅबव्ह्यू तक्रार न करता नवा रिकामा क्यू बनवते. म्हणून क्लोनमध्ये 'नसल्यास निर्माण करा' हे इनपुट बंदच ठेव. शिवाय ते नाव त्या अॅप्लिकेशन इन्स्टन्सपुरतेच (त्या एका चालू प्रोग्रामपुरतेच) असते, दोन वेगळ्या एक्झींमध्ये ते पोहोचत नाही.

डीक्यू करणारा एकच ठेव, ही माझी कळकळीची विनंती आहे. काढलेले माप क्यूत उरत नाही, त्यामुळे पडद्यावर दाखवणारा आणि फाइलमध्ये लिहिणारा यांनी एकाच क्यूतून काढले तर दोघांनाही अर्धेमुर्धेच मिळते. दोघांना दोन क्यू दे.

बंद करतानाचा क्रम मी असा ठेवला आहे: मुख्य व्हीआय क्लोनांना थांबण्याचा निरोप देतो, सर्वांची पोच येईपर्यंत थांबतो, मग क्यूत 'समाप्त' असा शेवटचा घटक टाकतो, आणि नोंदीच्या व्हीआयने तो वाचल्याची पोच दिल्यावरच रिलीज क्यू करतो, म्हणजे क्यू सोडून देतो. फोर्स डिस्ट्रॉय करून (क्यू सक्तीने मोडून) सगळ्यांना एकदम थांबवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण आत राहिलेली मापे रिलीज क्यूच्या आउटपुटवरून उचलली नाहीत तर त्यात बुडतात.

तुझ्या ब्लॉक डायग्रामचे (प्रोग्रामच्या आकृतीचे) चित्र पाठव, विशेषतः ऑब्टेन क्यू जिथे ठेवला आहेस तो भाग. वहिनींना नमस्कार.

तुझा स्नेहांकित