दुरुस्त केलेला गिअरबॉक्स पुन्हा खोलण्यापूर्वी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एकदा उघडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुन्हा धड चालत नाही, असा समज आपल्याकडे गाडीमालकांत आणि खरे तर बऱ्याच मिस्त्रींतही पक्का होऊन बसला आहे. मोटर मेकॅनिक शाखेचा शिल्प निदेशक म्हणून मी आयटीआयमध्ये नोकरीची सारी वर्षे काढली, पण वेळ स्वतःच्या गाडीवर आली तेव्हा महिनाभर मीही त्याच समजाच्या आहारी गेलो होतो. ओव्हरहॉलनंतर, म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण खोलून बांधल्यावर, राहिलेला किंवा नव्याने उद्भवलेला दोष शोधण्याची आपल्या गॅरेजांतली रीत चुकीच्या टोकापासून सुरू होते, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

माझी गाडी सेकंडहँड घेतलेली, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या सहा गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. रिव्हर्स लागेनासा झाला म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये तो पूर्ण खोलून बांधून घेतला. क्लच प्लेट, ऑइल सील, ओ-रिंग सगळे किट नवे टाकले. गाडी ताब्यात आली तेव्हा रिव्हर्स उत्तम लागत होता, मात्र तीन नव्या तक्रारी सोबत आल्या होत्या. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करून लीव्हर डीवर (पुढे जाण्याच्या खुणेवर) आणला की तीन-चार सेकंद काहीच होत नसे आणि मग गाडी हिसका देऊन निघे. खंबाटकी घाटाच्या चढावर वळण घेताना आरपीएम एकदम वर जात आणि गाडी मात्र रेंगाळे. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना तर असा दणका बसे की मागे बसणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी पुढची सीट धरून बसण्याची सवय लावून घेतली.

गॅरेजचे पहिले उत्तर होते, ‘प्लेट नव्या आहेत, पाचशे किलोमीटर चालवा, बसतील.’ बसल्या नाहीत. मग गिअरबॉक्स पुन्हा उतरवला गेला, प्लेट पुन्हा बदलल्या गेल्या आणि गाडी त्याच तीन तक्रारींसह परत आली. तिसऱ्यांदा उतरवण्याची तयारी चालली होती, तेव्हा माझाच एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने पाना हातात न घेता स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारे यंत्र) लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो मला विचारायला सुचायला हवा होता: ‘सर, ऑइलची पातळी कोणत्या तापमानाला तपासली?’

हा प्रश्न क्षुल्लक नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), केवळ वंगण नसते. तेच टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची शक्ती पुढे नेते, तेच दाबाने क्लच पकडते आणि तेच उष्णता बाहेर काढते. आजकालच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाट उभी करून, इंजिन चालू ठेवून, लीव्हर सर्व गिअरमधून फिरवून पीवर (पार्किंगच्या खुणेवर) आणायचा आणि ऑइल निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला आले की पातळीचा बोल्ट काढून बारीक धार थेंबांवर येईपर्यंत पाहायचे, अशी पद्धत असते. हे तापमान अनेक गिअरबॉक्समध्ये ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे, म्हणजे बऱ्यापैकी कमी असते. गाडी ट्रायलवरून तापून आली आणि त्याच क्षणी बोल्ट काढला, तर प्रसरण पावलेले ऑइल बाहेर पडून पातळी प्रत्यक्षात कमी राहते. इंजिन बंद असताना बोल्ट काढला तर त्याहून वाईट, कारण पंप थांबल्यामुळे जे ऑइल कन्व्हर्टर आणि वाहिन्यांत फिरत असायला हवे ते तळाच्या पॅनमध्ये उभे असते. तेवढ्यावरच धार सुरू होते आणि भरणाऱ्याला वाटते, भरले. (काही निर्माते इंजिन बंद करून ठराविक अवधीत पातळी पाहायला सांगतात; म्हणूनच सवयीवर न जाता त्या त्या गाडीचे मॅन्युअल उघडावे लागते.)

माझ्या गाडीत दोन्ही वेळा इंजिन बंद ठेवूनच ऑइल भरले गेले होते. योग्य रीतीने भरल्यावर त्यात आणखी जवळजवळ नऊशे मिलिलिटर ऑइल मावले. सकाळचा विलंब त्याच दिवशी गेला आणि घाटातले घसरणेही गेले, कारण चढावर व वळणावर ऑइल पॅनच्या एका बाजूला गेले की पंप ऑइलबरोबर हवा ओढत होता आणि हवा मिसळलेल्या ऑइलचा दाब क्लच धरून ठेवू शकत नव्हता. म्हणजे दुसऱ्यांदा बदललेल्या प्लेटमध्ये मुळात काही दोष नव्हता. उलट कमी दाबावर चालून त्या खराब होण्याच्या वाटेवर होत्या, आणि गाडी तशीच आणखी पाचशे किलोमीटर चालवली असती तर तिसऱ्या उतरवणीत मिस्त्रींना जळालेल्या प्लेट खरोखरच दाखवता आल्या असत्या!

दणक्याचे कारण वेगळे निघाले. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर प्रत्येक क्लचला किती वेळ आणि किती दाबाने ऑइल द्यायचे हे चालता चालता शिकत असतो आणि झीज वाढत जाईल तशी ती मोजणी बदलत जातो. जुन्या, झिजलेल्या प्लेटसाठी शिकलेले आकडे नव्या, घट्ट बसणाऱ्या प्लेटना लावले तर क्लच आदळणारच. ओव्हरहॉलनंतर हे जुने शिक्षण स्कॅनरने पुसून, ठरवून दिलेल्या पद्धतीने गाडी चालवून नवे द्यावे लागते. ते काम अर्ध्या तासाचे होते आणि दोन्ही वेळा कोणी केलेच नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे की ओव्हरहॉल झालेल्या गाडीत तक्रार आली, तर गिअरबॉक्स उतरवणे ही शेवटची पायरी असावी. आधी ऑइलची पातळी आणि जात पाहावी. एकाच रंगाची सगळी ऑइले सारखी नसतात आणि सीव्हीटीत (पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक प्रकारात) साधे एटीएफ भरणे म्हणजे पट्टा व पुली स्वतःच्या हाताने मारणे आहे. त्यानंतर वीज पाहावी: बॅटरीचा व्होल्टेज, गिअरबॉक्स चढवताना अनेकदा बसवायची राहून जाणारी अर्थ केबल, वाकलेली कनेक्टरची पिन, अदलाबदल झालेले सेन्सरचे सॉकेट. कॉम्प्युटरला वेगाचा संकेत नीट मिळाला नाही, तर तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो आणि मालकाला मात्र वाटते, गिअरबॉक्स पुन्हा गेला.

स्कॅनरबद्दलही एक खुलासा करायला हवा. स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनाचा कॉम्प्युटर वाचतात आणि त्यावर पी ०७०० एवढाच कोड दिसतो. तो दोष नव्हेच. ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काही नोंद आहे, तिकडे विचारा’ एवढाच तो निरोप आहे. खरी नोंद तिकडे असते. पी ०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा) नीट धरत नाही, पी ०७१५ म्हणजे आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा संकेत बिघडला आहे. या तीन नोंदी तीन निरनिराळ्या दिशांना नेतात. नुसता पी ०७०० पाहून ‘गिअरबॉक्सचा कोड आहे’ म्हणत बोल्ट सैल करायला घेणे म्हणजे पाकीट न फोडताच पत्राला उत्तर लिहिण्यासारखे आहे.

एवढे करूनही दोष राहिला तर ऑइलचा दाब मोजणारा प्रेशर गेज लावावा आणि तक्रार नेमकी कोणत्या गिअरमध्ये, थंड असताना की तापल्यावर, हलक्या पायाने की दाबून चालवताना येते याचे टिपण मालकाने स्वतः द्यावे. प्रत्येक गिअरबॉक्समध्ये कोणता क्लच कोणत्या गिअरला पकडतो याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. रिव्हर्स आणि तिसरा असे दोनच गिअर घसरत असतील, तर दोघांना सामाईक असलेला क्लच किंवा त्याच्याकडे जाणारी वाट संशयित ठरते आणि बाकीच्यांना हात लावायचे कारण उरत नाही. सर्वच गिअर घसरत असतील तर पंप, फिल्टर किंवा मुख्य दाबाकडे वळावे. सपाट रस्त्यावर एका गतीने जाताना थरथर जाणवत असेल तर ब्रेकच्या पॅडलला पाय नुसता टेकवावा. त्याने लॉकअप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर कन्व्हर्टर पाहावा. चालूच राहिली तर बहुधा इंजिनाचा प्लग किंवा कॉइल तपासणे स्वस्तात पडेल. इंजिनाचे मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणे) गिअरबॉक्सच्या माथी मारले गेल्याची उदाहरणे मी नोकरीत कितीतरी पाहिली.

ओव्हरहॉलमध्येच चूक झालेली असू शकते, हे मी नाकारत नाही. चढवताना कापली गेलेली सील रिंग, फिलर गेजने (फट मोजण्याच्या पात्यांनी) न मोजलेला क्लचचा गाळा, म्हणजे प्लेटमधली फट, व्हॉल्व्ह बॉडीतली (ऑइलची वाट ठरवणाऱ्या भागातली) हरवलेली बारीक गोळी, पंपात पूर्ण न बसवता बोल्टच्या जोरावर आवळलेला कन्व्हर्टर ही सगळी कारणे खरी आहेत. पण सर्वांत जास्त घात करते ती ऑइल थंड करणाऱ्या कूलरची न धुतलेली वाट. आधीच्या बिघाडातले क्लचचे चूर्ण आणि धातूचे कण कूलरमध्ये व कन्व्हर्टरमध्ये साचलेले असतात. नवा गिअरबॉक्स सुरू होताच ते सारे त्याच्यात येते. कन्व्हर्टर चारी बाजूंनी वेल्ड केलेला असल्यामुळे तो बाहेरून धुऊन साफ होत नाही, कापून दुरुस्त करावा लागतो किंवा बदलावा लागतो. खर्च वाचवण्यासाठी जुनाच वापरण्याचा आग्रह पुष्कळदा गॅरेजवाल्याचा नसून मालकाचा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रेडिएटरच्या आत कूलर असलेल्या गाडीत तो फुटला असेल किंवा पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर ऑइल दुधाळ गुलाबी दिसते. पाण्याने प्लेटवरचे अस्तर सुटते. अशा वेळी मूळ कारण न काढता दहादा किट बदलले तरी तीच तक्रार परत येणार.

आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा प्रकार यात मोडत नाही, कारण तो मुळात साधा गिअरबॉक्स असून त्याचे क्लच व गिअर यंत्राने हलवले जातात. तिथे तपासणीची रीत निराळी. पण मालक या सगळ्याच प्रकारांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, आणि मिस्त्रीनेही तसेच म्हणावे ही अडचण आहे.

माझी मागणी एका कागदापुरती आहे. ओव्हरहॉलनंतर गाडी देताना गॅरेजने जॉब कार्डवर ऑइलचे नाव व किती लिटर भरले, पातळी कोणत्या तापमानाला पाहिली, कूलर धुतला की नाही, कन्व्हर्टर जुना की नवा, जुने शिक्षण पुसले की नाही, मुख्य दाबाचा आकडा आणि शेवटी स्कॅनरवर उरलेले कोड लिहून द्यावेत. यात गॅरेजचे नुकसान काही नाही. चोख काम करणाऱ्याला तर हा कागद ढालीसारखा उपयोगी पडेल. ग्राहक आयोगाकडे सदोष सेवेची तक्रार नेता येते हे आता पुष्कळांना माहीत आहे, परंतु तिथेही ‘गाडी झटके देते’ या वाक्यापेक्षा आकडे असलेल्या कागदाला वजन असते. आयटीआयच्या कार्यशाळांतही विद्यार्थ्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून जोडायला शिकवताना प्रेशर गेज आणि स्कॅनरवर तेवढाच वेळ मिळावा. माझ्या कारकिर्दीत मी तो पुरेसा दिला नाही, हे इथे नमूद करतो.

गाडीमालकांना एक विनंती. दुरुस्त गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारात एक चक्कर मारून समाधान मानू नका. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर डी आणि आर (रिव्हर्स) लावून पाहा. सुस्थितीतल्या गिअरबॉक्सला पकडायला साधारण एक-दीड सेकंदाहून जास्त वेळ लागू नये. मग मेकॅनिकला शेजारी बसवून, गाडी पुरती तापेपर्यंत एखाद्या चढावर न्या. शेवटचे बिल त्यानंतर चुकते करावे आणि हमीचे महिनेही त्याच दिवसापासून मोजले जावेत, असे कामाला हात लागण्यापूर्वीच जॉब कार्डवर लिहून घ्या.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा